पाच घरची चिंधी

फणसवाडीत कोणाकडे पाळणा हलायचा असला की आधी सुईणीला सांगायचं की आधी दुर्गाबाईला, यावर बायकांत वाद व्हायचा. सुईण काय, ऐन वेळी धावत जाऊन आणता येते. दुर्गाबाईचं टोपडं मात्र सांगून ठेवल्याशिवाय मिळत नसे.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली तिची. सकाळी शशिकांतराव डोक्यावर पगडी चढवून कचेरीत गेले की चटई पसरायची, पत्र्याची पेटी उघडायची, की झालं दुकान सुरू. पाटी नव्हती. प्रभू जातीतल्या कारकुनाच्या बायकोने दारावर पाटी लावली असती तर जातभाईंनी नवऱ्याला जगू दिलं नसतं. त्यामुळे शशिकांतराव चारचौघांत सांगत, "आमच्या मंडळींना शिवणकामाची हौस आहे." ही हौस घरात तूप आणते, हे सांगायला ते नेमके विसरत.

कुंच्या, टोपडी, अंगडी, दुपटी, सगळं हाताने. कुंचीच्या पाठीवर कलाबतूची वेल, टोपड्याच्या कपाळावर मोत्यांची झालर, आणि आत जुन्या धोतराचं मऊ अस्तर. बाळाच्या टाळूला शिवण टोचता कामा नये, याबद्दल ती फार काटेकोर होती. शिवून झालेलं टोपडं ती आधी आतून स्वतःच्या पापणीवर फिरवून बघे, आणि कुठे जराशी गाठ लागली तर सगळं उसवून पुन्हा बसे.

पण तिचं नाव झालं होतं ते भिकेच्या टोपड्यासाठी. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिच्या नव्या बाळाला नवं कापड घालायचं नाही. लेकरं हसतीखेळती आहेत अशा पाच घरी जायचं, त्या लेकरांच्या अंगावर विरलेल्या कपड्याचा एकेक तुकडा मागून आणायचा, आणि त्या पाच तुकड्यांचं टोपडं बारशाच्या दिवशी बाळाला घालायचं. मरणाने वाकून बघितलं तर त्याला वाटावं, हे भिकाऱ्याचं पोर, याला काय न्यायचं! नावही तसंच ठेवायचं, धोंडू नाहीतर भिकू. आता पैशाअडक्याच्या घरच्या सुना काही दारोदार हात पसरत नाहीत. त्यांच्यासाठी भीकही दुसऱ्याने मागायची असते, आणि मुंबईत त्यालाही माणूस मिळतं.

हे माणूस म्हणजे गुणवंती. गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला राहणारी, दुर्गेच्याच वयाची. चार मुलांची आई, आणि चारांतल्या एकाला साधा गोवर आला तोही हसतखेळत बरा झालेला. तिचा आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. दुर्गेचे दोन मुलगे वर्षाचे व्हायच्या आत गेले होते. तिने कोणाच्या दारात बाळाचं कापड मागायला उभं राहायचं म्हणजे आतून कडी लागलीच म्हणून समजा. म्हणून मागून आणायचं गुणवंतीने आणि शिवायचं दुर्गेने. येईल ते दोघींनी निम्मंनिम्मं वाटून घ्यायचं. गुणवंतीचा पाय आणि दुर्गेची सुई, असं बायका म्हणत. सुईला विटाळ नसतो, हेही त्याच बायकांनी ठरवून टाकलं होतं. एवढ्या बारीक टिपा दुसरीकडे मिळत नव्हत्या ना!

या कामाचा एक दंडक होता. मागून आणलेल्या चिंधीचा पुन्हा उच्चार करायचा नाही. देणारीनेही नाही आणि घेणारीनेही नाही. आभार मानले की देणं फिटतं, आणि देणं फिटलं की चिंधीतला आशीर्वाद निघून जातो. रस्त्यात समोरासमोर आल्या तरी दोघींनी भाजीचा भाव बोलायचा आणि पुढे जायचं.

दोन वर्षांपूर्वी दुर्गेला पुन्हा दिवस गेले आणि मुलगी झाली. तेव्हा गुणवंती म्हणाली होती, "या खेपेला तुझ्यासाठी अशी घरं धरते की सटवीसुद्धा पायाला पाय लावून पळेल." आणि तिने पाच तुकडे आणून चटईवर मांडले. एक खालच्या मजल्यावरच्या मालनचा, एक मासे घेऊन येणाऱ्या सोनूबाईचा, दोन झावबाच्या वाडीतल्या घरांचे, आणि एक तिच्या स्वतःच्या धाकट्याच्या अंगड्याचा. दुर्गेने ते टोपडं शिवलं तसं दुसरं कधी शिवलं नाही. मुलीचं नाव ठेवलं मीनाक्षी, पण हाक मारायची चिंधी. चिंधी खुदकन हसायला लागली, पालथी पडायला लागली, खालच्या हिरडीत एक दात टोचायला लागला, आणि तापात गेली.

दुर्गेने टोपड्याला बोल लावला नाही. आपलंच कपाळ फुटकं, असं ती म्हणाली. त्या दिवसांत तिला एकाच गोष्टीने धरून ठेवलं होतं. पाच आयांनी आपल्या लेकराच्या अंगावरचं कापड फाडून दिलं होतं, माझ्या चिंधीने जगावं असं पाच घरांना वाटलं होतं, हे ती मनाशी घोकत राही. पुढे महिन्याभरात गुणवंतीला पाचवा मुलगा झाला, हेरंब. तो जरा मान धरायला लागल्यावर गुणवंतीने त्याला आणून दुर्गेच्या मांडीवर टाकला. "घे गं, तुझाच आहे," म्हणाली. दुर्गा दुधाची तहान ताकावर भागवायला शिकली. हेरंब दुपारभर तिच्याजवळ असे. तिच्या बोटातलं अंगुस्तान काढून तोंडात घाले आणि 'दुग्गा, दुग्गा' करत मागेमागे फिरे. एवढं मोठं मन देवाने एकट्या गुणवंतीला कसं दिलं, असं दुर्गेला वाटे, आणि ती शशिकांतरावांना ते पुन्हा पुन्हा सांगे.

त्या वर्षी माघात ठाकूरद्वारच्या एका बड्या घरातून निरोप आला. त्या घरची सून राजलक्ष्मी हिची तीन बाळं गेली होती, आणि आता चौथ्या खेपेचे दिवस भरत आले होते. सासूबाईंनी दुर्गेला बोलावून पाटावर बसवलं आणि सांगितलं, "टोपडं भिकेचंच हवं. आणि त्यात एक तुकडा त्या सोनूबाईच्या घरचा हवाच. तिची सगळी जगलीत म्हणे."

राजलक्ष्मी आतल्या दाराला टेकून उभी होती. दुर्गा निघाली तेव्हा तिने तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्या हाताचा अर्थ दुर्गेला कोणी सांगायला नको होता. घरी येईपर्यंत तिने मनाशी पक्कं केलं होतं की हे टोपडं चुकता कामा नये.

गुणवंती तेव्हा भायखळ्याला भावाच्या घरी लग्नाला गेली होती, मुलाबाळांसकट. ती आली की निघेल मागायला, असं दुर्गा धरून चालली होती. पण राजलक्ष्मी आधीच बाळंत झाली. मुलगा झाला, आणि बारशाचे दिवस मोजायची वेळ आली. इतक्यात सोनूबाई पाटी घेऊन गॅलरीत आली.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण या बाईपुढे लटकी पडे. वरळीच्या कोळीवाड्यातली ही बाई कोपरापर्यंत सोन्याने मढलेली होती. पाटी उतरवून ती दारात अशी बसे की चाळ तिच्याच मालकीची वाटावी. दुर्गेने सरंगा घेतला आणि ती सांगेल ती किंमत दिली. गेली दोन वर्षं ती सोनूबाईशी भाव करतच नव्हती. आभार मानायचे नाहीत, निदान भाव तरी करू नये, एवढंच तिला करता येण्यासारखं होतं.

आज मात्र तिने धीर केला. आवाज खाली आणून म्हणाली, "सोनूबाई, एका बाळासाठी तुमच्या घरचं एक चिंधूक हवं होतं. मागे दिलंत, तसंच."

"देईन की गो बाय. त्यात काय!" सोनूबाई म्हणाली. "पण मागं कवा दिला म्हनतेस?"

दुर्गेला वाटलं, ही दंडक पाळते आहे. "माझ्या मुलीच्या वेळी. गुणवंती आली होती ना मागायला."

"गुनवंती? ती पलीकडची, मोटमोट्यानं हसते ती?" सोनूबाईने कपाळाला आठी घातली. "ती माज्याकडं कवाच आली नाय. बोंबील घेते, भावावरून भांडते आनि जाते. चिंधी मागायला तुज्या चालीतनं कोन म्हंजे कोन आलं नाय. मुंबादेवीची आन." मग तिच्या डोक्यात काहीतरी आलं. "अगो बाय! म्हनून तू माज्यासंगं भाव करत नव्हतीस व्हय? मना वाटलं, तुला भावातलं काय समजतच नाय!"

ती मोकळेपणाने हसली. दुर्गाही हसली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही. सोनूबाई गेली तरी सरंगा तिथेच ताटात पडून होता आणि त्यावर माश्या बसत होत्या.

मग ती खाली मालनकडे गेली. मालन तांदूळ निवडत बसली होती. दुर्गेने सरळ विचारलं, आणि मालनने सरळ सांगितलं, की गुणवंतीने तिच्याकडे कधी काही मागितलेलं नाही. "मागितलं असतं तर दिलं नसतं का गं मी तुला?" मालन म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. दुर्गेला तिच्याजवळ बसवेना.

वर येऊन तिने पेटीच्या तळातून चिंधीचं टोपडं काढलं. चिंधी गेल्यापासून ते उजेडात आलं नव्हतं. आता ती त्याच्याकडे शिवणारीच्या डोळ्यांनी बघायला लागली. लेकराच्या अंगावर विरलेलं कापड कसं विरतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक? खाकेत आधी झिजतं, गळ्याशी लाळेने पिवळं पडतं, पोटावर रांगून रांगून पातळ होतं. हे पाचही तुकडे सगळीकडे सारखेच मऊ होते. काजळाचा डाग होता, पण तो पाचांवर होता. तेलाचा वास होता, तोही पाचांना एकच. कापड जुनं दिसावं म्हणून कोणीतरी बसून जुनं केलं होतं. त्या वेळी हे दिसलं कसं नाही? दिसलं नाही, कारण बघायचं काही कारणच नव्हतं. देवळातून आलेला प्रसाद कोणी हुंगून खात नाही.

माझ्या चिंधीने जगावं असं पाच घरांना वाटलं होतं, म्हणून जी घोकत बसायची, त्या दुर्गेच्या पायाखालची तेवढी एक फळीही निघाली. पाच घरांपैकी एका घरालाही ठाऊक नव्हतं की असं काही मागणं आहे.

गुणवंती भायखळ्याहून आली ती बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन आणि आल्या आल्या सुरू झाली. "अगं, काय ते वऱ्हाड! नवऱ्यामुलाचा मामा असा रुसला म्हणतेस..."

दुर्गेने टोपडं तिच्यापुढे ठेवलं. "हा तुकडा कोणाचा?"

"सोनूबाईचा. अगं, पण उच्चार करायचा नसतो."

"आणि हा?"

"मालनचा."

"सोनूबाईला विचारलं. मालनलाही विचारलं. आता तुला विचारते आहे."

गुणवंतीने डबा खाली ठेवला. पदराने उगाच तोंड पुसलं. मग म्हणाली, "भुलेश्वराकडच्या चिंधीवाल्याकडून आणले."

"पाचही?"

"पाचही. तुझेच नाही, सगळ्यांचेच. पहिली दोनतीन टोपडी सोडली तर सगळ्यांचेच." आता सुटलं तसं ती भराभर बोलायला लागली. "तुला काय जातंय गं! तू इथे चटईवर बसून टिपा घालतेस. दारात उभं मला राहायचं असतं. एका घरच्या सासूने माझ्या पाठोपाठ उंबऱ्यावर पाणी ओतलं. आमच्या पोरांची पुण्याई ओरबाडायला आली म्हणाली. एकीने पोरगं पदराखाली झाकलं, जशी मी चेटकीण! मला नाही सोसलं ते."

"मग मला सांगायचं होतंस. आपण बंद केलं असतं."

"बंद केलं असतं आणि खाल्लं काय असतं? तुझ्याकडे दोन तोंडं आहेत. माझ्याकडे मोज."

मग तिने कसं केलं तेही सांगितलं, जणू ती पाककृती होती. चिंध्या सोड्याच्या पाण्यात उकळायच्या, मोरीच्या दगडावर आपटायच्या, उन्हात टाकायच्या, मग खोबरेलाचा हात फिरवायचा आणि काजळाचं एक बोट. ऐकता ऐकता दुर्गेला हसू फुटलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. एवढी मेहनत फसवायला केली. तेवढी मागायला केली असती तर पाच का, पन्नास घरं झाली असती.

"मुलं जगली ना पण!" गुणवंती म्हणाली. "आपल्या टोपड्यांतली किती जगली बघ की. कापडात काय असतं?"

"कापडात काही नसतं तर मग काजळ कशाला लावलंस?"

दुर्गा पुढे सरकली. तिला जे खरं विचारायचं होतं ते अजून पोटातच होतं. "पाच घरांत एक घर तुझं होतं. माझ्या धाकट्याच्या अंगड्याचा, असं म्हणून तू स्वतःच्या हाताने माझ्या हातात ठेवलास. तोसुद्धा चिंधीवाल्याचा?"

गुणवंती लाडवांच्या डब्याकडे बघत राहिली.

"घरात चार लेकरं होती. खाटेखाली जुन्या कपड्यांचं बोचकं असेल. त्यातली एक चिंधी माझ्या चिंधीसाठी आणायला तुला फक्त गॅलरी ओलांडायची होती गुणवंते! तिथे कोणी पाणी ओतणार नव्हतं."

"सगळे एकदमच आणले होते गं. सवयीने झालं," गुणवंती पुटपुटली.

"केसाने गळा कापलास माझा," दुर्गा म्हणाली. "जा तू. लाडू घेऊन जा."

रात्री तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय आणि किती जणांना? ज्यांची मुलं जगली होती त्या आयांच्या जिवाला घोर लावायचा, आणि ज्यांची गेली होती त्यांना तिच्यासारखं पुन्हा एकदा मारायचं? तिने ते सगळं गिळलं. राजलक्ष्मीचं टोपडं मात्र अजून हातातलं होतं. तिच्या बाळाच्या डोक्यावर खोटी चिंधी बसता कामा नये, आणि त्यासाठी आता मागायला जायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणून दुर्गा स्वतः निघाली.

आणि मग तिला गुणवंतीचे पाय कळले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ते उगाच नाही. एका घरात तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि कापडाचं नाव काढताच घरात जुनं काही नसतंच म्हणून सांगितलं. दुसऱ्या घरात दार किलकिलं झालं आणि तिला बघून मिटलं. तिसऱ्या घरची म्हातारी तोंडावर म्हणाली, "तुझी स्वतःची राहिली नाहीत, तू कशाला हिंडतेस बाई?" दुर्गा जिना उतरून खाली आली आणि पुढच्या घरी गेली. सोनूबाईने नातवाच्या अंगातलंच फाडून आणून दिलं, मासळीच्या वासासकट. मालनने दिलं. अंबिका म्हणून एक सुईण होती, तिने आपल्या लेकीच्या घरचं आणलं. मुगभाटात एका अनोळखी बाईने काही न विचारता दुपट्याचा कोपरा टरकन फाडला आणि तिच्या हातात ठेवला. तिचं नावही दुर्गेने विचारलं नाही.

चार झाले. बारसं दुसऱ्या दिवसावर आलं आणि पाचवं घर मिळेना. पण हिंडता हिंडता एक झालं होतं. दुर्गेचा राग पायांतून थोडा थोडा गळून गेला होता. प्रत्येक मिटलेल्या दाराशी तिला गुणवंती उभी दिसायची, आणि तिला वाटायचं, आपणही तिला एकटीला पाठवत राहिलो. कधी विचारलं नाही, की बाई गं, तुला काय काय ऐकावं लागतं!

दुपारी ती चार तुकडे जोडून बसली होती, तर दारात गुणवंती उभी राहिली. नेहमी हाक मारत घरात शिरणारी बाई उंबऱ्याशी थांबली होती. तिच्या हातात पिवळ्या छिटाचा एक तुकडा होता.

"हेरंबचं अंगडं," ती म्हणाली. "आत्ता त्याच्या अंगातून काढलं आणि फाडलं. खोटं वाटलं तर वास घेऊन बघ."

दुर्गेने वास घेतला. दूध, वेखंड आणि धुळीत खेळलेल्या पोराचा घाम. असा वास चिंधीवाल्याकडे मिळत नाही. खाकेच्या जागी कापड झिजलं होतं आणि गळ्याशी पिवळं पडलं होतं. दुर्गेने चटईची कड सारखी केली आणि सरकून जागा करून दिली. गुणवंती आपल्या नेहमीच्या जागी बसली, तिने रिळातला दोरा तोडला, सुईत ओवला आणि सुई दुर्गेकडे दिली. असं त्या किती वर्षं करत आल्या होत्या.

टिपा पडत गेल्या. दुर्गेला मनातून हलकं वाटत होतं. राजलक्ष्मीच्या बाळाचं पाचवं घर मिळालं होतं आणि आपलं माणूसही परत आलं होतं. शेवटची गाठ मारून तिने दोरा दाताने तोडला, टोपडं पापणीवरून फिरवलं आणि गुणवंतीच्या हातात बघायला दिलं. आणि मग, भांडायला नव्हे, आता सगळं मिटलंच आहे अशा सुरात तिने विचारलं, "एक सांग. माझ्या चिंधीसाठी तेव्हा तुकडा का गं नाही दिलास? सवयीने झालं म्हणालीस ते मला काही पटलेलं नाही."

गुणवंतीलाही बहुधा आता लपवायचा कंटाळा आला होता. "तेव्हा हेरंब पोटात होता," ती म्हणाली.

"तेव्हा मला बोलली नाहीस!"

"कोणालाच नव्हते बोलले. तुला तर मुद्दाम नाही. सैल नेसत होते, तुला कळू नये म्हणून." तिने टोपड्याची नाडी बोटाभोवती गुंडाळली. "तुझी दोन गेलेली गं. माझ्या घरचं कापड तुझ्या बाळाच्या डोक्यावर बसायचं, आणि तेही बाळ राहिलं नसतं तर? माझ्या पोटातल्याला लागलं असतं ना ते. राजलक्ष्मीचं काय, तिचं घर कुठे, आपलं कुठे! तू तर रोजची शेजारची."

"पण हेरंबला तूच माझ्या मांडीवर आणून ठेवलास," दुर्गा म्हणाली. "तुझाच आहे म्हणालीस."

"मग काय करणार? तुझ्याकडे बघवत नव्हतं. मला वाईट वाटायचं गं तुझं, खरंच वाटायचं." गुणवंतीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला दुर्गेचं समाधान करायचं होतं, आणि म्हणून तिने उरलेलंही सांगून टाकलं. "आणि त्यात मला काही भीती नव्हती. तुझ्याकडून घरी नेला की मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायचे. मग काही लागत नाही."

"रोज?"

"रोज. आधीच्या चौघांनाही तुझ्याकडून आले की ओवाळतच होते. त्याशिवाय का इतकी निर्धास्त तुझ्याजवळ ठेवत होते?"

भुलेश्वरच्या चिंध्या दुर्गेने सोसल्या होत्या. त्या पैशासाठी होत्या, अपमानाच्या भीतीपोटी होत्या, त्या तिला समजल्याही होत्या. हे मात्र तिला कुठे ठेवावं ते कळेना. गावाने तिला अवलक्षणी म्हटलं तर म्हटलं. ती या चटईवर येऊन बसे, कारण इथे एक बाई तिच्या ताटातलं खात होती आणि आपलं पोर तिच्या मांडीवर टाकत होती. त्या बाईनेही तिला तेच मानलं होतं, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून नेमाने. हेरंबने तिच्या गळ्यात हात टाकलेली एकेक दुपार संध्याकाळी त्या घरच्या चुलीत तडतडली होती. इतकं एकटं तिला चिंधी गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

ती उठली. आत गेली, मोहऱ्यांचा डबा उघडला, मिठाचा सट उघडला, आणि मूठ भरून बाहेर आली. गुणवंतीचा हात तिने उलगडला आणि त्यात ते सगळं ओतलं.

"हे कशाला?" गुणवंती म्हणाली.

"घरी जा आणि ओवाळ. आज तर पोराचं अंगातलं कापड माझ्या हाताखालून गेलं आहे. दोनदा ओवाळ."

"दुर्गे, अगं, मी काय तसं..." गुणवंतीच्या बोटांतून मोहऱ्या चटईवर सांडायला लागल्या. तिला मूठ मिटताही येईना आणि टाकताही येईना.

तेवढ्यात गॅलरीतून पावलं वाजली. हेरंब आईच्या शोधात एकटाच दुडदुडत आला होता, उघडा, कारण अंगडं फाडल्यावर त्याला दुसरं कोणी घातलंच नव्हतं. आईकडे त्याने बघितलंही नाही. उंबरा चढून तो सरळ दुर्गेपाशी आला आणि 'दुग्गा' म्हणून त्याने दोन्ही हात वर केले.

दुर्गेचे हात उठलेच होते. तिने ते पदराखाली ओढून घेतले आणि गुणवंतीला म्हणाली, "ने त्याला."